खराबच्या खोक्यातले एक्केचाळीस

ठिपकेबाई हे नाव तिला खाणीमागच्या वस्तीनंच दिलं. बोट टोचायचं, रक्ताचे तीन ठिपके जाड टीपकागदावर घ्यायचे, कागद चिमट्यानं दोरीला लावून सुकवायचा आणि पिशवीत बंद करायचा, हे काम ती सतरा वर्षं करत होती. हात इतका हलका, की तान्ही मुलं टोचून झाल्यावर रडायची, टोचताना नाही. जीभ मात्र तशी हलकी नव्हती. एका साहेबानं "रस्त्यालगतची घरं घ्या, तेवढी पुरेत" म्हटलं, तेव्हा तिनं त्यालाच शेवटच्या घरापर्यंत चालवत नेलं होतं. तेव्हापासून तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

या वस्तीत ती सून म्हणून आली. तरी यंदाच्या तपासणीत आडवी आली ती सासूच.

"दरवर्षी रक्त नेता आणि आम्ही तापतोच. नेऊन करता काय त्याचं?"

"लस बनतेय, आई. हिवतापाचे जंतू सगळीकडे सारखे नसतात, त्यांच्यातही वाण असतात. आपल्याकडे कुठले आहेत ते बनवणाऱ्यांना कळायला नको?"

"आपले धरतील ना त्यात?"

"धरतील. माझा शब्द."

सासूनं बोट पुढं केलं, मग सगळ्या वस्तीनं केलं. एक्केचाळीस जणांच्या रक्तात जंतू निघाले. तिनं घरोघरी गोळ्या दिल्या आणि कागद मोठ्या प्रयोगशाळेत पोचवले.

महिन्याभरानं तोच शब्द अंगाशी आला. प्रयोगशाळेतल्या साहेबांच्या टेबलावर दोन खोकी होती. एकावर 'पाठवणे' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'खराब'. तिचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कागद खराबमध्ये होते.

"बाई, यातल्या बहुतेकांत दोन-दोन वाण दिसतायत," साहेब म्हणाले. "एखाद्यात समजू शकतो. सगळ्या वस्तीत? घेताना रक्ताची सरमिसळ झाली. परवा लस बनवणाऱ्यांकडे पाठवायची मुदत आहे. नमुने खराब झाले म्हणून इथं सही करा आणि मोकळ्या व्हा."

तिची कानशिलं तापली. सतरा वर्षांत तिनं एक सुई दुसऱ्या बोटाला लावली नव्हती.

"खाणीत चार दिशांची माणसं कामाला येतात, येताना आपापला ताप घेऊन येतात," ती म्हणाली. "तीन डबकी आहेत. एका माणसाला रात्रीत दहा डास चावतात. ते दहाही एकाच घरून जेवून येतात का, साहेब?"

"हे बोलणं झालं. पुरावा लागतो."

तिनं हात टेबलावर ठेवला. "मीही तिथंच राहते. टोचा. तुमच्या हातानं."

"तुम्हाला कुठं ताप आहे?"

"आमच्याकडं मोठ्यांना बऱ्याचदा येतच नाही. जंतू मात्र मुक्कामाला असतात."

साहेबांनी नवी सुई फोडली. त्यांनी ती नको इतकी खोल टोचली, आणि बोटात अशी कळ गेली की तिला वस्तीतल्या सगळ्या मुलांची मनातून माफी मागावीशी वाटली. नवा कागद, वेगळी पिशवी, पिशवीवर साहेबांचीच सही. तिनं कशालाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रावर काम करणारी मुलगी तपासणीचा फोटो घेऊन आली. सोबत बाईंसाठी गोळ्यांचं पाकीटही होतं. फोटोत एकेका वाणाची एकेक पट्टी उमटलेली. साहेबांनी बोट ठेवून मोजल्या आणि पुन्हा मोजल्या.

"तीन," ते म्हणाले.

"यात कुणाचा हात खराब, माझा की तुमचा?"

तिला जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही, उलट राग जास्तच आला. मुदतीच्या धाकानं आपण कालच सही केली असती तर?

"एकाच्या मापाचा सदरा शिवायचा," ती म्हणाली, "आणि ज्यांना तो होत नाही, त्यांचं अंगच चुकलं म्हणायचं. उद्या लस येईल, आमची माणसं रांगेत उभी राहतील आणि तरी तापतील. तेव्हा कुणाला खराब म्हणणार?"

साहेबांनी खोकं उचललं आणि 'पाठवणे'च्या बाजूला ठेवलं. तिनं ते परत ओढलं. पेननं 'खराब' हा शब्द खोक्यावरची चिठ्ठी फाटेपर्यंत खोडला, स्वतःचा कागद सगळ्यांत वर ठेवला आणि बाजूला लिहिलं, बेचाळीस.

"आता द्या पाठवणीचा कागद," ती म्हणाली. "कुठं करायची सही?"