बंद डबीत झिजलेली दाढ

भूत, करणी, नजर... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी स्टाफरूममध्ये आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. बीडला प्राणिशास्त्र शिकवतो मी. त्यामुळे तुम्ही हसलात तरी तक्रार नाही.

चकलांब्याची वैशाली माझ्याकडे पीएचडी करत होती. सिंदफणेकाठची माती दोन उन्हाळे चाळण्यांतून धुऊन, ओल्या ब्रशच्या टोकानं तिनं एक दाढ उचलली. नामशेष झालेल्या उंदराची, ज्वारीच्या दाण्याहून लहान.

"सर, उंचवट्यांच्या तीन ओळी हायेत, अन् मागं एक जास्तीचा. असा कुठल्याच प्रजातीत न्हाई."

बरोबर होतं तिचं. लेन्समधून पाहिलं आणि मला ती नवी प्रजाती माझ्या नावावर दिसली.

"झिजलेली आहे. यावरून वर्गीकरण होत नसतं," मी म्हणालो. वर, संशोधन तुझ्या आवाक्यातलं नाही, हेही सगळ्यांदेखत ऐकवलं. महिन्याभरात ती पीएचडी सोडून वडवणीला शाळेत लागली. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

दाढ टाचणीच्या डोक्यावर मेणानं बसवली. डबी कपाटात, किल्ली माझ्या खिशात. फोटो काढून पेपर पाठवला. पंधरा दिवसांनी डबी उघडली तर जास्तीचा उंचवटा बोथट. पुढच्या सोमवारी निम्माच. मग तिन्ही ओळी सपाट होत गेल्या... तळाला बोटाला लागेल एवढी पांढरी भुकटी.

तपासायला बाहेरचे दोन तज्ज्ञ आले. फोटोत टोकदार, डबीत सपाट. म्हणाले, उंचवटा चिकटवून फोटो काढलात आणि आता कानशीनं पुरावा घासलात. चौकशी बसली.

मूळ दाढ पाहिलेली एकटी वैशाली. तिला बोलावलं, लाज सोडून गयावया केली. तिनं लेन्सखाली बराच वेळ पाहिलं.

"कानशीचे ओरखडे न्हाईत, सर. चावून झिजलीय ही. जित्या जनावराची झिजती तशी."

"मग तेवढं लिहून दे."

"न्हाई देनार." तिनं डबीचं झाकण लावलं. "तुमीच सांगा त्यांना. बघू कोन ऐकतंय."

नोकरी गेली. दाढ झिजायला समोर दुसरी दाढ लागते – कुलूपबंद कपाटात ती कुठून आली? मी घासली नाही हे माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत आहे, आणि ती माझा फोन उचलत नाही.