हाताला कळू दे

"मध्ये बोलू नको बाय. हाताला कळू दे." डोळे मिटून, उजव्या मुठीत चिकू धरून मावशी मला गप्प करायच्या.

मी डहाणूतली फिजिओथेरपिस्ट, आणि तोंडाने बडबडी. माझ्या पेशंट मावशींनी घोलवडच्या एका वाडीत तीस वर्षं चिकू निवडले होते. मोठा, मधला, बारीक, नुसत्या हाताच्या अंदाजाने. लकव्याने नेमका तोच हात नेला. त्यांना एवढंच हवं होतं, पुन्हा शेडमध्ये आपल्या जागेवर बसायचं.

पहिल्या दिवशी मी प्लास्टिकचे चेंडू नेले. त्यांनी ते बाजूला सारले. "सगळे सारखे. हात शिकणार काय यातून?" मेंदू बदलत्या सरावातून आणि स्वतःच्या चुकांतून शिकतो, हे मी जाडजूड पुस्तकांतून घोकलं होतं. पिशवीत मात्र चेंडूच भरले होते.

मग टोपलीभर चिकू आले. डावा हात फार आगाऊ, म्हणून तो त्या स्वतःच पदरात बांधून घ्यायच्या. मी दर चिकूला "छान, छान" करायचे आणि बोलणी खायचे. तुम्हीही पाहिलं असेल, आजारी माणसाभोवती आपण किती बडबडतो.

चार महिन्यांनी वाडीचे शेठ म्हणाले, "एक क्रेट निवडून दाखवा, मग बसा कामाला." मी शेजारी बसले. पाच-सहा मधले चिकू मोठ्यांत पडले. मला राहवेना. शेठची पाठ वळताच मी ते गुपचूप जागेवर सरकवले. शेठ खूश झाले.

मावशींनी मात्र ते पाहिलं होतं. घराच्या दारात म्हणाल्या, "चुकलं ते दिसलं असतं तर उद्या सुधारलं असतं. तू हाताला खोटं सांगितलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाऊन शेठना सांगून आल्या, "अजून जमत नाही. महिन्याने येते." महिन्याने गेल्या तेव्हा मला शेडबाहेर उभं केलं. तासाभराने बाहेर आल्या त्या हसतच. "तीन चुकले. मीच दाखवले शेठना. उद्यापासून बोलावलंय."

तो सगळा हंगाम त्या आपल्या जागेवर बसल्या. पुढच्या पावसाळ्यात दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि येते ती कामातच.

परवा बोर्डीला एक आजोबा सदऱ्याचं बटण लावत होते. बटण काजापाशी जायचं आणि निसटायचं. सूनबाई म्हणाल्या, "मॅडम, जरा मदत करा ना."

माझा हात पुढे झालाच होता. मी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसले.