माझ्या मोबाइलवरची दोन विमानं

परळची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि मला पंधराव्या मजल्यावर घर मिळालं. फायदे पुष्कळ आहेत. तोटा एकच, दारं बंद असतात. चाळीत मी नुसता खाकरलो तरी तीन घरांतून चौकशी व्हायची. इथे माणूस भेटतो तो लिफ्टमध्ये, आणि लिफ्ट भलती वेगवान. तरी तळापासून पंधरापर्यंत ‘आमची मुलगी पायलट आहे’ हे वाक्य आरामात दोनदा बसतं. मी करून बघितलंय.

मुलगी को-पायलट आहे, राहते बंगळूरला. बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मुलगी उडायच्या आधी मला फ्लाइटचा नंबर पाठवते. बाकी काही लिहीत नाही, नुसता नंबर. मग मी मोबाइलच्या नकाशावर तिचं विमान बघत बसतो. पिवळं, झुरळाएवढं. ते सरकतं, मी चहा पितो. ते उतरलं की मीही उठून कुकर लावतो.

त्या सोमवारी दुपारी असाच बघत होतो. तिच्या विमानाला आडवं दुसरं एक आलं आणि दोन्ही एकमेकांवर चढली. नकाशावर असं दिसतंच, एक वर असतं, एक खाली. हे तिनेच मला समजावलं होतं. मला आपली गंमत वाटली. मी स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या बाईसाहेबांना आकाशातही लालबागचं ट्रॅफिक!’ एकोणीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. एवढी दाद मला माझ्या लग्नातही मिळाली नव्हती.

बुधवारी ती बॅग घेऊन दारात उभी. “सुट्टी आहे,” म्हणाली. मी इतका खूश की कसली सुट्टी हेही विचारलं नाही. दोन दिवस बांगडे तळले. ती अर्धा खाऊन उठायची. मला वाटलं, डाएट असेल.

शुक्रवारी आम्ही दोघं बाजारातून येताना लिफ्टमध्ये जुन्या चाळीतल्या मालवणी काकू भेटल्या. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“माका कधी बसवतलंस गो तुझ्या इमानात?”

ती मजल्यांचे आकडे बघत राहिली. म्हणून मीच म्हणालो, “अहो काकू, कधीही! तुम्ही फक्त बॅग भरा.”

घरात आल्यावर तिने पिशवी ओट्यावर ठेवली.

“बाबा, असं आता कुणाला सांगू नकोस.”

“का गं? लाजतेस?”

“मला उडू देत नाहीयेत. चौकशी चालूय.”

मी स्टुलावर बसलो. ती उभीच होती. तिने सोमवारचं सांगितलं ते असं. खालून कंट्रोलरने तेरा हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. हिने ते रेडिओवर बरोबर म्हणून दाखवलं, तेरा हजार. कॅप्टनने यंत्रात आकडा लावताना बारा लावलं. लावलेल्या आकड्यावर दुसऱ्याने बोट दाखवायचं, वाचायचं आणि ‘चेक्ड’ म्हणायचं, अशी पद्धत.

“मी काहीतरी लिहीत होते. मान खाली. आणि ‘चेक्ड’ म्हटलं.”

बारा हजारांवर दुसरं विमान होतं. प्रवाशांनी भरलेलं. मग कंट्रोलर ओरडला, विमानातलं यंत्रही ओरडलं, चढा, चढा. चढले. मध्ये हजार फूट असायला हवेत, त्याच्या निम्मेही उरले नव्हते.

“आतल्या लोकांना कळलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “एकाचा चहा सांडला, त्याने तक्रार केली.”

“पण काही झालं नाही ना? सगळे सुखरूप...”

“तेच सगळे म्हणतात. तू नको म्हणूस.”

“बरं. पण आकडा कॅप्टनने चुकवला. तुझं काय त्यात?”

“बाबा, त्याचं चुकलं तर मी पकडायचं, म्हणून तर दोघं असतो.”

मग ती म्हणाली, “खाली उतरून फोन चालू केला तर ग्रुपवर तू टाकलेला तो फोटो. वेळसुद्धा तीच.”

कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून पिशवीतल्या बांगड्यांकडे बघितलं.

आमच्या घरात एक रीत होती. बाहेर पडताना बायको दारात थांबून विचारायची, “गॅस?” मी आत जाऊन नॉबला हात लावायचा आणि “बंद” म्हणायचं. पंचवीस वर्षं मी बूट घालता घालता “बंद” म्हटलं. मग तीच आत जाऊन बघून यायची. मला कधी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण मी तेव्हाही “हो” म्हटलं असणार. आणि मुलगी दप्तर अडकवून बाजूला उभी असायची. रोज.

हे मी तिला सांगितलं. ती एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

“म्हणजे चौकशीत तुझं नाव देऊ?”

“दे. पण मला कोण काय करणार? माझ्याकडे विमान कुठाय?”

मग ती रडली. मी पाणी दिलं, अजून काय देणार.

त्या रात्री फोटो पुसायला गेलो, पण सगळ्यांकडून पुसायची मुदत संपली होती. माझ्या मोबाइलवरून तेवढा गेला. बाकी सगळ्यांकडे ती दोन विमानं अजून एकमेकांवर बसलेली आहेत.

रविवारी ती परत गेली. पुन्हा ट्रेनिंग, मग सिम्युलेटरच्या खोट्या विमानात परीक्षा. पास झाली तरच खरं. तीन आठवडे नंबर आला नाही. संध्याकाळी मी नकाशा उघडायचो. विमानं शेकड्यांनी होती, पण त्यातलं आपलं कुठलंच नव्हतं. लिफ्टमध्ये काकूंनी मुलीची चौकशी केली, “चेडू बरा आसा मा?” मी मान हलवली. पंधरा मजले बरेच असतात, हे तेव्हा कळलं.

काल सकाळी दूध आणायला निघालो तेवढ्यात फोन आला.

“पास झाले. उद्या उडतेय.”

“वा! वा!” मी म्हटलं. “नंबर पाठव.”

“पाठवते. कुठे निघालायस?”

“खाली. दूध.”

“गॅस?”

“बंद,” म्हटलं. एक चप्पल पायात होती.

तिची आई दारात थांबायची, तशी ती पलीकडे थांबली होती. मी चप्पल काढली, आत गेलो, नॉबवर बोट ठेवलं.

“बंद. बघितलं.”

“हं,” ती म्हणाली.

फोन तिनेही ठेवला नाही, मीही नाही. मी ओट्यापाशी तसाच उभा राहिलो, बोट नॉबवर.