लाल दोऱ्याच्या भेंड्या

आमच्या गॅलरीतली चांगली भेंडी खायला बंदी होती. बंदी घालणारी मीच. पुढच्या वर्षी उत्तम बी हवं, तर सरळ, भरदार, कीड नसलेली भेंडी झाडावरच वाळू द्यायची आणि घरच्यांनी वाकड्यातिकड्या खायच्या, असा माझा नियम होता.

बियाण्यासाठी निवडलेल्या भेंडीला मी खूण म्हणून लाल दोरा बांधायचे. आधी एकीला बांधला. मग तिच्याहून देखणी दुसरी दिसली. मग तिसरी. (साडीच्या दुकानातही माझं असंच होतं.) बघता बघता अर्ध्या गॅलरीला दोरे!

"अहो, ती तोडू नका."

"मग काय तोडू, कुंडी?" आमचे हे म्हणाले.

त्यात वन्सं जेवायला येणार होत्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, मुक्काम विश्रांतवाडी. "हिच्या हातची तुळससुद्धा जगत नाही," असं त्यांनी एकदा चारचौघांत जाहीर केलं होतं. तेव्हापासून त्यांना घरची भेंडी खायला घातल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. बिनदोऱ्याच्या, कोवळ्या लुसलुशीत भेंड्या मी मुद्दाम झाडावर ठेवल्या होत्या. आयत्या वेळी तोडायच्या आणि ताज्या परतायच्या.

मी चक्का आणायला खाली उतरले आणि वन्सं तासभर आधीच येऊन थडकल्या. परत येते तो घरभर फोडणीचा वास, कढईत भाजी तयार आणि ओट्यावर लाल दोऱ्यांचा ढीग!

"वन्सं, कुठल्या भेंड्या तोडल्यात?"

"खुणा केल्या होत्यास त्याच. आजच्यासाठीच निवडल्या होत्यास ना? मी याला विचारलंसुद्धा."

"मी फक्त 'असतील' म्हणालो," हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"अहो वन्सं, त्या बियाण्याच्या होत्या. पार जून झालेल्या. चिरताना कळलं नाही?"

"कळलं की. सुरीला दोनदा धार लावली. पण निवड तुझी. म्हटलं, आपण कशाला बोला."

जेवायला बसलो. नुसते जबडे हलत होते. ताटांच्या कडेला चोथ्यांचे ढीग वाढत चालले. पुढच्या वर्षाचं अख्खं बियाणं मोहरी-हिंगात परतलं गेलं होतं! मला हमसून रडावंसं वाटत होतं, पण त्यासाठी तोंड रिकामं हवं ना.

"घरची आहे हे कळतंय हो," वन्सं घास कसाबसा गिळून म्हणाल्या. "अशी भेंडी विकायला मंडईत कोणी बसायचं नाही."

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "आज हिच्याकडे घरची भेंडी खाल्ली. कोणाकडे चांगल्या डेंटिस्टचा नंबर आहे का?"

धाकट्या जाऊबाईंनी तत्परतेने पाठवला. मी संतापून फोन उपडा ठेवला. मग हळूच सुलटा केला आणि नंबर उतरवून घेतला. माझी दाढ दुपारपासून हलत होती.