हर्षाची लांबलेली सुट्टी

बायनाबाईची हर्षा पुण्याहून सुट्टीवर आली आहे, हे साऱ्या मोहर्ली गावाला पाठ झालं होतं. दिवाळीला आली, मोहफुलं वेचून झाली, भीमजयंती झाली, तरी सुट्टी काही संपेना! सफारीच्या गेटसमोर टपरीवर चहा उकळता उकळता बायनाबाई ठसक्यात सांगायची, "मोठी कंपनी आहे बाप्पा, सुट्टीबी मोठीच देते." मी इथला जुना गाइड, रोज तिच्याकडेच चहा पितो. तिला खोटं पाडायची छाती माझ्यात नव्हती.

खरं काय ते हर्षानंच मला सांगितलं. पुण्यात ती दिवसभर रस्त्यांचे फोटो बघून खुणा करायची. ही गाय, हा माणूस, हा सिग्नल. त्या खुणांवरून यंत्र ड्रायव्हरशिवाय गाडी चालवायला शिकत होतं. मग खुणा करायलाही तेच शिकलं, आणि एका सकाळी अख्ख्या मजल्याला नारळ मिळाला.

"ज्याले शिकवलं त्यानंच हाकललं, कोलूभाऊ," असं म्हणून ती चक्क हसली. "आता मी खुद गाडी शिकून राह्यली."

मला कोण आनंद झाला! गाडी म्हणजे बाबूभाई मेकॅनिकची जिप्सी, आणि गुरूही बाबूभाईच. आमच्यात रीत अशी की नव्या ड्रायव्हरनं एक फेरी मारायची आणि सोबतच्या गाइडनं पास म्हणायचं. तो गाइड मी. नापास झाली तर पुन्हा पुणं गाठायचं आणि नोकरीसाठी दारोदार फिरायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच, रिव्हर्स. जंगलात वाघ समोरून चालत आला तर हॉर्न द्यायचा नाही, गाडी वळवायची नाही, पळवायची तर नाहीच. तो ज्या चालीनं येईल त्याच चालीनं निमूट मागे जायचं, कारण रस्ता त्याचा. हर्षाला सवय स्क्रीनकडे बघायची. तिची नजर आरशात अडकायची, मान वळायचीच नाही. शेवटी बाबूभाईनं वैतागून आरसेच काढून ठेवले. "मुंडी फिरव, बेटा! मागचं मागंच दिसते!"

फेरीच्या सकाळी मागच्या सीटवर नागपूरचे पाहुणे होते. वानरं ओरडली आणि वळणावर तो आला. भलामोठा, डुलत डुलत, थेट आमच्याकडे! इतकी वर्षं बघतोय, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हर्षानं गिअर टाकला, मान वळवली आणि गाडी बंद पडली.

वाघ काही थांबला नाही. परीक्षा तिची होती, आज मला काही सांगायची मुभा नव्हती. हर्षानं एक श्वास घेतला, चावी फिरवली, इंजिन घुरघुरलं. मान मागे ती मागेच! बांबूच्या कडेकडेनं, चाकोरी न सोडता, वाघाच्या पावलाला पाऊल देत तिनं गाडी पार नाल्यापर्यंत मागे नेली. तिथे वाघसाहेब बांबूत वळले. अहाहा! मला तर जागीच नाचावंसं वाटलं.

परतताना पाहुण्या बाईंनी विचारलं, "उद्या ही गाडीसुद्धा यंत्रच चालवणार का गं?"

"ते चालवीनबी, ताई. मीच तर शिकवलं त्याले," हर्षा म्हणाली. "पण आज माहा नंबर आहे."

गेट दिसताच मी उभा राहून ओरडलो, "पास!" बाबूभाईनं हातातला पाना खाली टाकला आणि टाळ्या पिटल्या. टपरीवर चहाला आलेल्या शेजारच्या नीलाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "काऊन वं बायनाबाई, संपली का पोरीची सुट्टी?"

चहा उतू जात होता. बायनाबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सुट्टी कायची!" ती साऱ्या गेटला ऐकू जाईल अशी ओरडली. "कामावरून काढलं होतं माह्या पोरीले. आता दुपारच्या फेरीले गाडी घेऊन जाऊन राह्यली!"