परीला ढाक मारता आली पाहिजे

ज्या माणसाचं अर्धं आयुष्य एका लंगोटावर निघालं, त्यानं पुढं पोटासाठी जगाला कपडे चढवत बसावं, असली थट्टा देवाला कोल्हापुरातच सुचते. आमचा पैलवान कुस्तीच्या फडात उजवा गुडघा मोडून घेऊन बसला आणि दवाखान्यात पडल्या पडल्या मोबाइलवर बोटानं चित्रं काढायला शिकला. पुढं राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही दोघांनी धंदा मांडला. व्हिडिओ गेममध्ये असतात तसले योद्धे, पऱ्या, चेटकिणी, आणि त्यांचे बदलता येणारे कपडे. गिऱ्हाईक स्क्रीनवर बोट लावणार, की बाही लांब होणार, झगा जाऊन चिलखत येणार. रेषा पैलवानाच्या, रंग माझे. खुर्च्या मात्र दर पावसाळ्याला नव्या आणाव्या लागत, कारण त्या त्याला पेलत नसत.

कुठलाही कपडा पास करायची त्याची एकच परीक्षा होती. ढाक. म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन उलथवायचा डाव. चित्र झालं की हा उठणार, चांगल्या पायावर तोल सांभाळत खिडकीचा पडदा धरणार आणि हवेत ढाक मारणार. पडद्याची दांडी किती वेळा डोक्यात पडली, ते त्याचं त्याला माहीत.

"ताई, ह्या झग्यात ढाक बसत न्हाय. घेर वाढवाय पायजे."

"अहो पैलवान, परी आहे ती! उडते!"

"उडंल की. पण खाली उतरल्यावर कुणी धरली म्हंजे?"

की मी बसायची वाढलेल्या घेरात रंग भरत.

एकदा परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं अख्खं काम परत पाठवलं. म्हणे, सगळ्यांचे कान असे सुजलेले का? बघते तर काय, राजकन्येपासून चेटकिणीपर्यंत झाडून सगळ्यांचे कान तालमीत चुरगळलेले! मुकुट बसेना, टोप बसेना, फुलं तर कानावर ठरेचनात. पैलवान खरोखर बुचकळ्यात पडला. लहानपणापासून त्याच्या भोवती ज्यांची ऊठबस, त्या सगळ्यांचे कान तसलेच. "मग कान कसं असत्यात ओ?" मी केस मागं घेऊन माझा दाखवला, तर गडी लाजून भिंतीकडं बघायला लागला. शेवटी खालच्या चहाच्या गाड्यावर जाऊन एकेकाचे कान निरखत उभा राहिला. गाडेवाला भडकला, "पावणं, चहा प्यायला आलाय का मुका घ्यायला?" त्या दिवसापासून आमचे कान सुधारले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती एकच, त्याचे वडील. आबांची शिरोळकडं गावात स्वतःची तालीम. पोराचा गुडघा गेला तरी त्यानं निदान वस्ताद होऊन पोरं घडवावीत, हा त्यांचा हट्ट. "बाहुल्यांची झबली शिवतंय," असं गावभर सांगून त्यांनी पोराशी बोलणंच टाकलं. आणि नेमकी तेव्हाच हैदराबादच्या एका मोठ्या गेम कंपनीनं पैलवानाला नोकरी देऊ केली. फडात कुणाच्या बापाला न भ्यालेला हा गडी स्वतःच्या बापाचा नंबर काढायचा आणि मोबाइल उलटा घालून ठेवायचा.

"आबा व्हय म्हटल्याबिगार मी जाणार न्हाय, ताई."

"मग बसा इथंच, खुर्च्या मोडत!" मी चिडून म्हणाले. माझ्यानं राहवेना. मीच आबांना फोन केला आणि ठोकून दिलं, "पोरगं चाललंय हैदराबादला. काम बघायचं असेल तर उद्या या."

आले. फेटा, हातात दुधाची किटली, चेहरा दगडाचा. पोराकडं न बघता मला म्हणाले, "दाव पोरी, काय करतंय त्ये." स्क्रीनवर एक योद्धा होता. मी फेटे बदलले, अंगरखे बदलले. "गिऱ्हाईक हवं ते घालतं, नको ते उतरवतं," मी सांगितलं.

"मग उतरीव ह्यो झगा." उतरवला. "ह्येबी." चिलखत गेलं. "ह्येबी."

"आबा, ऱ्हाऊ द्या की," कोपऱ्यातून पैलवान पुटपुटला. पण तोवर खाली लाल लंगोट तेवढा उरला होता.

मी इतके दिवस वरवरचे कपडेच रंगवत आले होते; आतलं अंग तो स्वतःच रंगवायचा, ते मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. तो पैलवानच होता. आखाड्यात उतरायचा तेव्हाचा, दोन्ही पायांवर भक्कम. प्रत्येक योद्ध्याच्या आत त्यानं स्वतःला उभं केलं होतं.

आबांनी स्क्रीनवरच्या उजव्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवलं.

"हितं बरा हाय की गुडघा."

पैलवान भिंतीकडं तोंड करून उभा होता, खांदे हलत होते. मलाही रडू आवरेना. आबांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि कितीतरी महिन्यांनी पोराला हाक मारली.

"ये रं हिकडं. घाल त्याला कापडं. परमुलखाला जायचं पोरगं, असं उघडं धाडू व्हय?"