अध्यक्षांचं घर हद्दीबाहेर

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरातलं आमचं सॉरवुड कागदोपत्री गाव झालं ते नळाच्या पाण्यासाठी. स्वतःचं नगरमंडळ नसेल तर जिल्हा पाइप घालायला तयार नव्हता. पहिल्या निवडणुकीत पाचही जागांवर बायका आल्या. पुरुषांचा विरोध होता असं नाही. अर्ज भरायच्या आठवड्यात नदीला मासे चांगले लागत होते.

अध्यक्ष झाल्या डेल्फिया मॅगर्ड. जन्मभर शाळेची बस चालवलेली ही विधवा बाई नुसत्या नजरेनं रांग सरळ करायची. कुणाकडे मयत झाली की त्या घरी न्यायला चर्चमधल्या बायकांपैकी कुणी घेवडा शिजवायचा, कुणी मक्याचा पाव भाजायचा, हे डेल्फियाबाईच ठरवत. त्यामुळे गावाची हद्द आखायची वेळ आली तेव्हा बायकांनी मोजणीदार शोधला नाही. आजवर ज्या ज्या घरी मयतीचं जेवण पोचवलं ती सगळी घरं आत घेतली आणि भोवती रेघ ओढली. नकाशा सरकारात मंजूरही झाला.

मग कळलं की एक घर बाहेर राहिलंय, आणि ते अध्यक्षांचं आहे. नवरा, हॉलिस, गेला तेव्हा डेल्फियाबाईंनी साऱ्या बायकांना भांड्यांसकट दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणाल्या होत्या, मला स्वयंपाक येतो.

हद्दीबाहेरच्या माणसाला अध्यक्ष राहता येत नाही. घर आत घ्यावं म्हणून मंडळाकडे अर्ज करायचा, नाहीतर खुर्ची सोडायची. पुढच्या सभेला डेल्फियाबाई लोकांच्या बाकावर बसल्या. खुर्चीत मंडळातलीच, त्यांची शाळेपासूनची मैत्रीण ऑर्फा कोम्ब्स होती.

"अर्जदाराला गावात कशाला यायचंय?" ऑर्फानं विचारलं.

"मला काही नकोय. माझी विहीर चांगली आहे. तुम्हाला अध्यक्ष हवी असेल तर घ्या."

"असं नाही चालत, डेल्फी. गावाकडून काय हवंय ते सांगावं लागतं. कायदा आहे."

कायद्यात असं काही नव्हतं. पण ऑर्फाचा चेहरा बघून कुणी बोललं नाही.

डेल्फियाबाईंनी हातमोजे नीट केले. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला घालवलं आणि आत जाऊन दोन ताटं वाढली. सवयीनं. तेव्हा कुणीतरी हवं होतं."

"मग घालवलंस कशाला?"

"तुझ्यासमोर रडले असते. आणि तू ते जन्मभर सांगत सुटली असतीस."

"सुटलेच असते," ऑर्फा म्हणाली, आणि तिनं चष्मा पुसायला घेतला. "हात वर करा गं."

चारही हात वर झाले. डेल्फियाबाई बाकावरून उठल्या, ऑर्फाला खुर्ची रिकामी करायला लावली आणि पाइपाचा विषय काढला. पहिली दोन वाक्यं कुणालाच नीट ऐकू आली नाहीत. पुन्हा बोला, असं कुणी म्हटलं नाही.